आमचा दिवस कोण ठरवतं? मुख्यमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत,
गोवा राज्य, पर्वरी

विषय : घर चालवणाऱ्यांच्या वेळापत्रकाबाबत

डॉक्टरसाहेब,



माझं माहेर डिचोली तालुक्यातलं आणि सासर पेडण्यातलं. एका तालुक्यानं वाढवलं, दुसऱ्यानं कामाला लावलं. शाळेत जाणारी दोन मुलं, गुडघेदुखीनं बेजार सासूबाई, शिफ्टमध्ये राबणारा नवरा आणि परसात चार माड, एवढा माझा कारभार. सरकारी अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गृहिणी’ लिहिते. हे पत्र मानधन वाढवून मागायला लिहिलेलं नाही, आणि एखाद्या कचेरीची तक्रार करायलाही नाही. घरी असणाऱ्या आईचा, हल्ली काही घरांत बाबाचाही, दिवस नेमका कोण आखतं, एवढंच आपल्यासमोर मांडायचं आहे. आपण साखळीचे आमदार, म्हणजे डिचोली तालुक्याचेच. शिक्षण खातंही आपल्याकडे आहे. म्हणून पत्र आपल्याला.

संक्रांतीचं हळदीकुंकू असो, महिला दिन असो की स्वयंसाहाय्य गटाचा मेळावा, पाहुण्या बाईंचं भाषण हल्ली ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर असतं. पहाटे लवकर उठा, रात्रीच दुसऱ्या दिवसाची यादी करा, महत्त्वाचं काम आधी उरका, स्वतःसाठी अर्धा तास राखून ठेवा. आम्ही टाळ्या वाजवतो, वाण घेतो आणि घरी येतो. सल्ला खोटा नाही. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की दिवस आमच्या हातात आहे आणि आम्हालाच तो नीट वापरता येत नाही. गडबड तिथंच आहे.

आपण आयुर्वेदाचे डॉक्टर. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. ब्राह्ममुहूर्तावर उठावं, दंतधावन करावं, अभ्यंग, व्यायाम, स्नान, सगळं कसं क्रमानं येतं. त्या स्नानाचं पाणी कुणी आणि किती वाजता भरून ठेवलं, हे मात्र त्या अध्यायात नाही. आमची दिनचर्या तिथून सुरू होते.

पाण्यापासूनच सांगते. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळजोडणी देणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून गोव्याचं नाव २०२० मध्ये जाहीर झालं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर जल’ असं रीतसर प्रमाणित झालं. त्याआधी २०२१ मध्ये महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आली. विहिरीवरून कळशा वाहिलेल्या सासूबाईंना याचं मोल माझ्यापेक्षा जास्त कळतं. नळ घरात आला, पायपीट संपली, हे खरंच आहे. पण नळाला पाणी किती वाजता येईल, हे अजून कुणी सांगत नाही. कधी पहाटे पाचला येतं, कधी रात्री अकराला, कधी येतच नाही. मग रात्री तोटी उघडी टाकून तिच्याखाली पत्र्याची बालदी ठेवायची आणि एक कान जागा ठेवून झोपायचं. आधी नळातून नुसता वारा सुटतो, फुरफुरल्यासारखा. मग लालसर पाणी येतं, ते मोरीत सोडून द्यायचं. मग निवळ पाण्याचा बालदीत आवाज येतो आणि मी उठते. हंडे, पिंप, टाकी, सगळं भरेपर्यंत झोप उडालेली असते. तिळारीचा कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की हा सगळा हिशेब पुन्हा विस्कटतो. पहाटे लवकर उठण्याचा सल्ला अशा वेळी कुणी दिला की हसू येतं.

दुसरी गोष्ट शाळेची. आमच्याकडच्या बहुतेक शाळा सकाळच्या. शाळेची बस, म्हणजे बालरथ, वाड्यावर यायच्या आत डबा, गणवेश, केसांचा भांग, विसरलेली वही हे सगळं व्हायला हवं. दुपारी मुलं भुकेली परत येतात, तेव्हा शीत-हुमण ताटात हवं. सकाळची शाळा मला वाईट वाटत नाही. रोज तीच वेळ असल्यामुळे हात आपोआप चालतात. पण २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचं नवं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं आणि खालच्या वर्गांचं नेहमीसारखं जूनमध्ये. नव्या शैक्षणिक धोरणाला धरून तो निर्णय झाला, न्यायालयातही गेला. तो बरोबर की चूक, यात मला पडायचं नाही. मोठी मुलगी सातवीत आणि धाकटा तिसरीत, असं घर त्या एप्रिलात कसं चाललं असेल, एवढं डोळ्यांपुढे आणा. एकीला सकाळी डबा करून द्यायचा, दुसरा दिवसभर घरात. आजोळी जायचं तर एकाला सोडून जाता येत नाही. काजूचा हंगाम, आंब्याची साठं, उन्हाळ्याचं वाळवणही त्याच दिवसांत आलं. तो निर्णय घेताना वर्ग मोजले, दिवस मोजले, अभ्यासाचे तास मोजले. दोन वेगळ्या इयत्तांची मुलं एकाच घरात राहतात, हे कुणी मोजलं का?

तिसरी गोष्ट शिफ्टची. पेडण्यातला मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. विमानं रात्रीही उतरतात, म्हणून माणसंही रात्री लागतात. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत आता ‘मॉर्निंग’, ‘सेकंड’, ‘नाईट’ हे शब्द ‘नाश्ता’ आणि ‘जेवण’ यांच्याइतके रुळलेत. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत ते आधीपासून होतेच. डिचोलीत खाणींचं गणित आणखी जुनं. शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव भागात माझ्या लहानपणी घड्याळ बघायची गरज नसायची, ट्रकांची वर्दळ ऐकून वेळ कळायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीतल्या एका पट्ट्यातून पुन्हा माती निघू लागली. प्रत्येक वेळी पुरुषाचं काम गेलं किंवा आलं, असं पेपरात छापून आलं. घरचं वेळापत्रक प्रत्येक वेळी नव्यानं जुळवलं कुणी, ते कुठं छापून आलं नाही.

नाईट करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो. घर दोन खोल्यांचं असलं की मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिटी होऊ द्यायची नाही, टीव्हीचा आवाज बंद. धाकट्याला अंगणात पिटाळायचं, पावसात तेही नाही. तरीही शिफ्टला मी नावं ठेवणार नाही. नाईटच्या आठवड्यात दुपारी नवरा घरी असतो. बालरथातून उतरणाऱ्या पोराला घेऊन येतो, ताट वाढतो, पाढे घेतो. हे तो शिकला कारण शिफ्टनं त्याला दिवसाउजेडी घरात आणलं. अडचण होते ती वेळापत्रक आयत्या वेळी बदलतं तेव्हा. फोनवर एक निरोप येतो आणि उद्याची मॉर्निंग सेकंड होते. त्या एका निरोपानं सासूबाईंना दवाखान्यात नेणं, पालकसभा आणि माझी स्वयंसाहाय्य गटाची बैठक, तिन्ही रद्द होतात.

माझं नियोजन पाहायचं असेल तर आमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघा. १९७३ पासून मराठी घरांत टांगलेलं हे कॅलेंडर मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं. त्यांनी त्यात तिथी, सण आणि संकष्टी दिली, चौकोनातली उरलेली जागा आम्ही भरली. आमच्या पानावर ‘ना’ म्हणजे नाईट आणि ‘से’ म्हणजे सेकंड. दुधाचा खाडा गोल करून, सिलिंडर लावल्याची तारीख लाल पेनानं, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायची तारीख खाली रेघ मारून, बचतगटाचा हप्ता, मुलीची चाचणी, पाणी न आलेल्या दिवसावर फुली. महिना संपेपर्यंत छापील तिथी दिसेनाशी होते. यापेक्षा काटेकोर यादी आणखी कसली करायची? यादी आहे, यादीतली कामं माहीत आहेत, ती करायची ताकदही आहे. यादीतल्या वेळा तेवढ्या आमच्या नाहीत.

आता उलट बाजू पाहा. बुधवारी डिचोलीचा बाजार, गुरुवारी पेडण्याचा, शुक्रवारी म्हापशाचा, सोमवारी साखळीचा. हे वार आमच्या आज्ज्यांनाही तेच होते. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला मूल पळतं. दुपारी एक वाजता बाजारपेठेतली दुकानं बंद होतात आणि संध्याकाळपर्यंत उघडत नाहीत, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. या वेळा आमच्या सोयीनं ठरलेल्या नाहीत, तरी त्यांचा जाच कधी झाला नाही, कारण त्या पक्क्या आहेत. ठरलेल्या वेळेभोवती बाई दहा कामं बसवते. बेभरवशाच्या वेळेभोवती एकही बसत नाही. वाट बघण्यात गेलेला तास कामात धरला जात नाही आणि विश्रांतीतही नाही. नळाची वाट, शिफ्टच्या निरोपाची वाट, बसची वाट, सिलिंडरच्या गाडीची वाट. वेळेचा खरा तुटवडा इथं आहे.

केंद्र सरकारनंच दोनदा देशभर वेळेचा हिशेब मांडला आहे. त्या सर्वेक्षणाचा दिवस पहाटे ४ ला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे ४ ला संपतो, हे वाचून मला बरं वाटलं. कुणीतरी आमचं घड्याळ नीट लावलं होतं. २०१९ मध्ये घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांचा आकडा २८९ वर आला आणि पुरुषांचा ८८ वर. बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं म्हणावं, तर पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमी झालं. दोघांमधलं अंतर २०२ मिनिटं होतं, ते २०१ झालं. पाच वर्षांत एक मिनिट! लहान मुलं, आजारी, म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळा. तो बायकांचा १३७ आणि पुरुषांचा ७५ मिनिटं. ज्या घरात दोन्ही कामं आहेत, तिथली बाई जवळजवळ एका कचेरीच्या दिवसाएवढी राबते, आणि तिला रविवार नाही.

हे काम फुकट असलं तरी त्याला किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयानंही ५ जानेवारी २०२१ च्या निकालात मान्य केलं. अपघातात गेलेल्या गृहिणीची नुकसानभरपाई कशी ठरवावी, या वादात न्यायमूर्ती रमणा यांनी याच वेळ-सर्वेक्षणाचे आकडे मांडले. आपल्या राज्यानं तर २०१२ मध्येच ‘गृह आधार’ योजना सुरू केली. महागाईत घर चालवायला आता महिन्याला १५०० रुपये. त्या पैशांतून कितीतरी घरांत शिकवणीची फी आणि औषधं भागतात, त्याबद्दल आभार. पण पैशाचा आधार देता येतो, हे राज्यानं दाखवून दिलं आहे, तर आता वेळेचाही आधार द्यावा, असं मला म्हणायचं आहे. तो बराच स्वस्त पडेल.

एका दृष्टीनं घर म्हणजे छोटं बसस्थानक आहे. गाड्या पाच मालकांच्या (पाणी, शाळा, बस, दवाखाना, शिफ्ट), प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आणि प्रवासी मात्र तेच. पाचही मालक एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून फलाटावर उभी असलेली बाई धावपळ करते, आणि वर तिलाच धावायचं कसं हे शिकवतात.

या मालकांना एकत्र बसवायची कल्पना माझी नाही. इटलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बायकांनीच हा विषय लावून धरला, की दुकानं, शाळा, कचेऱ्या आणि बस यांच्या वेळा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. १९९० मध्ये तिथल्या महापौरांना या वेळा जुळवण्याचा अधिकार मिळाला आणि ८ मार्च २००० च्या कायद्यानं ३० हजारांहून जास्त वस्तीच्या गावांना वेळांचा आराखडा करणं बंधनकारक झालं. आपल्याकडे जमिनीचा प्रादेशिक आराखडा होतो, त्यावर केवढं रण माजतं, हे गोव्याला सांगायला नको. वेळेचा आराखडा मात्र कुणी मागितलाच नाही.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जा? पेडण्या-डिचोलीच्या गावांत पौष महिन्यात काही रात्री मांडावर बायकांचे ढालो होतात. भाताची कापणी, मळणी आटोपलेली असते. त्या रात्री बायका जेवणखाण उरकून मांडावर जमतात, नाचतात, गातात, शेवटी सोंगं काढतात. घरात पोर रडलं तर बाप बघतो, कारण त्या रात्री बायकांच्या आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. वर्षात काही रात्री बायकांसाठी राखून ठेवायचं गावानं ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. हे भाषणं ऐकून झालेलं नाही, गावाच्या पंचांगातच ते बसवलेलं होतं. आजच्या पंचांगात ते बसवणं आता आपल्या हातात आहे.

म्हणून मागण्या लिहिते. एकीलाही मोठा निधी लागणार नाही.

पहिली, नळाच्या पाण्याची वेळ वाड्यावाड्यानुसार ठरवून पंचायतीच्या फलकावर आणि मोबाइलवर कळवावी. बदल झाला तर आदल्या दिवशी सांगावं. दुरुस्तीसाठी वीज कुठं आणि किती वाजता जाणार, हे पेपरात आधी छापून येतंच. जे विजेला जमतं ते पाण्यालाही जमेल.

दुसरी, शाळेचं वर्ष, सुट्ट्या किंवा वेळ बदलायची असेल तर ती एकाच घरातल्या सगळ्या इयत्तांना एकदम लागू व्हावी आणि निदान एक सत्र आधी कळावी. पालकसभा महिन्यातल्या एका ठरावीक वारी ठेवावी. मग नवऱ्यालाही रजा आधी टाकता येईल आणि ‘पालक’ म्हणजे फक्त आई, हा समज जरा सैल होईल.

तिसरी, विमानतळ आणि औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या आस्थापनांनी शिफ्टचं वेळापत्रक महिनाभर आधी कामगारांच्या हातात द्यावं. कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावून ठेवावी, असं १९४८ च्या कारखाना कायद्यानं सांगितलं होतं. भिंतीवरची ती सूचना घरापर्यंत पोचली की झालं.

चौथी, केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस, आणि आई नोकरी करते की नाही याची अट नाही. ही शेवटची गोष्ट आमच्यासाठी लाखमोलाची आहे. घरी असलेल्या आईलाही मूल चार तास भरवशाच्या हाती सोपवून मामलेदार कचेरीत, गोवा मेडिकल कॉलेजात किंवा शिवणाच्या वर्गाला जावं लागतं. पेडणे आणि डिचोलीत अशी पाळणाघरं वाढवावीत, विशेषतः जिथं शिफ्टवाली घरं जास्त आहेत तिथं.

पाचवी, ग्रामसभा. ती बहुतेक रविवारी सकाळी असते. त्या वेळी आमच्या घरात मासळी साफ व्हायची असते, आठवड्याचे कपडे पाण्यात असतात आणि पाहुणे दारात असतात. सभागृहात पुरुष बसतात आणि गावच्या पाण्यावर चर्चा करतात. पाणी भरणारी घरी असते. वर्षातून निदान दोन ग्रामसभा दुपारच्या जेवणानंतर, साडेतीन-चारला घ्या. उपस्थितीच्या वहीतली नावं आपोआप बदलतील.

आणि या पाचांच्या वर एक. पाणी, शिक्षण, कदंबच्या बस, आरोग्य केंद्र आणि औद्योगिक वसाहत यांचे तालुक्यातले जबाबदार अधिकारी वर्षातून एकदा एका टेबलाभोवती बसवा. पंचायतींच्या महिला पंच आणि घरं चालवणाऱ्या काही बायका-पुरुष त्यांच्यासमोर असू देत. प्रत्येकानं आपल्या वर्षभराच्या वेळा टेबलावर मांडाव्यात आणि त्या कुठं एकमेकींना आडव्या येतात ते बघावं. सुरुवात पेडणे आणि डिचोली या दोनच तालुक्यांपासून करा. एकात नवा विमानतळ आला आहे, दुसऱ्यात जुन्या खाणी पुन्हा हलू लागल्या आहेत. घरांचं घड्याळ सगळ्यांत जास्त इथंच हललं आहे.

यातून आमचं काम कमी होईल असं मी म्हणत नाही. २०१ मिनिटांचं अंतर सरकारी परिपत्रकानं मिटणार नाही, ते घराघरांत मिटवावं लागेल आणि त्यासाठी आमच्या मुलग्यांना भांडी घासायला आम्हीच शिकवू. पण वाट बघण्यात जाणारे तास सरकारला परत करता येतात, आणि ते परत मिळाले तर त्यांचं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

या पत्राला लेखी उत्तर नाही आलं तरी चालेल. येत्या शैक्षणिक वर्षाआधी पेडण्यात ही पहिली बैठक लावा. फक्त ती सकाळी अकराला ठेवू नका, दुपारी साडेतीनला ठेवा. त्या वेळी आम्हाला येता येतं.

आपली नम्र,
पेडणे तालुक्यातील एक गृहिणी